पाचव्या मजल्यावरची घंटा

४ फेब्रुवारी
नव्या लिफ्टसाठी दोन कोटेशनं आली. मी सोसायटीची सेक्रेटरी झाले तेव्हा हे म्हणाले होते, "भाजा आता लष्कराच्या भाकऱ्या!" आज पटलं. पाचव्या मजल्यावरच्या काकांनी – बिल्डिंग त्यांना पाठीमागे हरकतराव म्हणते – दोन्हींवर हरकत घेतली. "आपोआप उघडणारं दार नको. जुनं जाळीचंच बरं." अहो, त्या जाळीत बोटं चिमटतात! उघडताना अख्खा जिना दणाणतो!

९ फेब्रुवारी
पुन्हा मीटिंग, पुन्हा दारावरच गाडी अडली. खजिनदार स्वस्तवाल्यासाठी हटून बसलेत. काका म्हणतात, "बिनआवाजाच्या दाराला माझी लेखी हरकत." घरी आल्यावर हे म्हणाले, "म्हातारा तुझ्या वरताण निघाला!" चहा दिला नाही ह्यांना.

१२ फेब्रुवारी
सुट्टी होती. दुपारी दार वाजलं. पाचव्या मजल्यावरच्या काकू! एका पायात चप्पल, हातात रिकामी पिशवी. "ताई, आमचं घर कोणतं हो?" मला कायम 'अगं' म्हणणारी बाई!
त्यांना बसवते न बसवते तोच काका जिन्याने धापा टाकत आले. आंघोळीला गेले होते, जाळी ऐकूच आली नाही. काकूंचं विसरणं वाढलंय. जाळी खडखडली की काकांना कळतं, ही निघाली. मग पळत जाऊन आणतात. नवीन दार वाजणारच नाही. "कुलूप घालू का तिला? इतक्या वर्षांच्या संसारानंतर?" मग हळूच – "कुणाला सांगू नकोस, पोरी. लोकांनी कीव केलेली तिला खपायची नाही."
शब्द दिला. दोघं हात धरून गेले, आणि मी ओट्यापाशी उभी राहून रडले.

१५ फेब्रुवारी
दोन्ही कंत्राटदारांना फोन. पाचव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की मोठ्यानं घंटा वाजली पाहिजे! स्वस्तवाला म्हणाला, "मॅडम, कंपनीच्या मॉडेलमध्ये बदल होत नाही. लोक तर आवाज कमी करायला सांगतात!" महागवाला हसला. "वाजवू की, ताई! झोपलेला माणूस ताडकन उठेल अशी. पण कशाला?"
"हौस," म्हटलं.
काकांना सांगितलं. ते म्हणाले, "कमिटी कारण विचारेल. काय सांगशील?" खरंच! कारण सांगायचं नाही, आणि कारणाशिवाय महागडं कोटेशन पास व्हायचं नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

१९ फेब्रुवारी
उद्या मतदान. आरशासमोर भाषणाची तालीम केली. हे म्हणाले, "थापा मारताना तुझे कान लाल होतात." ह्यांनाही काही सांगितलेलं नाही. फार जड जातंय.

२० फेब्रुवारी
"पाचव्या मजल्यावर उजेड कमी असतो, म्हणून सुरक्षेसाठी घंटा…" एवढं बोलले आणि कान तापले. पुढचं विसरलेच.
खजिनदार – पेनाच्या रिफिलसाठीसुद्धा कारण विचारणारा माणूस! – म्हणाले, "घंटेवालाच घेऊ." भराभर हात वर. एकही प्रश्न नाही! बाहेर पडताना माझ्या डोक्यावर हात ठेवला काकांनी. मी तरंगतच घरी आले. जमलं की आपल्याला भाषण!

२१ फेब्रुवारी
कसलं भाषण! जिन्यात खजिनदारांच्या बायकोनं गाठलं. कुजबुजत – "काकूंना आम्ही कितीदा वर पोचवलंय. दारात उभं करायचं, बेल वाजवायची आणि जिन्याने सटकायचं. आम्हाला माहीत आहे हे काकांना कळू देऊ नका हं." दुसऱ्या मजल्यावरची डॉक्टरीण तेच बोलली. वॉचमनही तेच.
ह्यांना सांगायला धावत घरी आले. पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले, "मीही दोनदा. तू ऑफिसात होतीस."