सुतारणीची पेटी

मंगरूळपीर, ४ जून

ती. सासूबाईंस,

सुकेशनीचा सप्रेम जयभीम वि. वि.

आता मी तुमची सून नाही, पण दुसरं काय म्हणावं सुचलं नाही. गुडघा कसा हाय? स्नेहा तिसरीत गेली, तिचे रंग घरभर पडलेले असतात, असं कानावर आलं. म्हणून तिच्यासाठी सागवानी पेटी केली. यांच्या सुतारकामाच्या दुकानात बसून मीच ठोकली; यांनी फक्त फळ्या कापून देल्ल्या. वर ब्रशांसाठी भोकं पाडलेली पट्टी, मधात खडूंचे खण, खाली कागदांचा ड्रॉवर. तिच्या हाताले लागू नये म्हणून कोपरे घासून गोल केले.

आईनं पाठवली, एवढंच तिले सांगा.

माह्यावरचा राग माह्यापुरताच ठेवावा, ही विनंती.

सुकेशनी


केनवड, १२ जून

सौ. सुकेशनीस,

भागिरथाबाईचा जयभीम.

पेटी पोचली. काम झकास हाय. माह्या घरात होती तवा तुले साधा खिळा ठोकता येत नव्हता. नव्या नवऱ्याचा गुण लागला म्हणायचा. पोरीले सांगतलं, ज्योत्स्ना आत्यानं मंगरूळच्या सुतारणीकडून करून घेतली. आत्याच्या गळ्यातच पडली.

माहा लेक जाऊन वर्ष भरलं नाही अन् तू दुसरी हळद लावली. पोरीची आई तवाच संपली. फोन करू नको, तुहा आवाज ओळखते ते. तिनं सुतारणीले लिहिलेलं सोबत हाय. उत्तर द्यायचं तर सुतारीण म्हणूनच दे. मी वाचूनच तिले देईन.

तुह्या लोभावाचून आमचं अडलं नाही.

भागिरथाबाई


सुतारीण मावशीले स्नेहाचा जयभीम.

पेटी लय भारी हाय. पण ड्रॉवर अटकते. काय करू? माही आई मले सोडून गेली. आजी म्हणते, तिले मी नको होती. तुमाले पोरगी हाय काय? तिलेबी पेटी केली काय?

स्नेहा


मंगरूळपीर, २० जून

चि. स्नेहास अनेक आशीर्वाद.

पावसाळी हवेनं लाकूड फुगते. ड्रॉवर बाहेर काढ, कडेले मेणबत्ती घास, सरकन सरकते.

मले एक पोरगी हाय, तुह्याच एवढी. माह्यापाशी राहत नाही. मी तिले सोडलं नाही. घ्यायले गेली तवा दाराले आतून कडी होती. ते मले हवी होती, आजबी हवी हाय. पेटी तिच्यासाठीच केली.

खूप चित्रं काढ.

तुही मावशी


केनवड, २९ जून

सौ. सुकेशनीस,

जयभीम.

मेणबत्तीचं जमलं, मीच घासली. पत्र पोरीले देल्लं नाही. मले काय वाचता येत नाही काय?

खेळून आली की रोज विचारे, मावशीचं उत्तर आलं काय. काल सांगून टाकलं, सुतारीण वारली. जेवली नाही, पेटी पोटाशी धरून रडली. आईसाठी एवढी रडली नव्हती.

लोभ असावा असं लिहायची रीत हाय, म्हणून लिहिलं.

भागिरथाबाई