गुडघ्यावर धरलेला नेम

ता. ९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

आईचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, औषध कपाटात ठेवून गुण येत नसतो, ते प्यावं लागतं. मी ठणठणीत आहे.

सिनेमातल्या चौकातल्या गोळीबाराचं चित्रीकरण परवा उरकलं. तुमच्या वेळच्या रायफली कुठून कुठून पैदा केल्या, ते माझं मला ठाऊक. पुढच्या रांगेला खऱ्या, मागच्यांना लाकडी. काडतुसं नुसती आवाजाची असली, तरी प्रत्येक रायफल उघडून, रिकामी दाखवून मगच हातात द्यायची, हा माझा शिरस्ता. शिपाई झालेली पोरं मात्र अशी उभी, जणू छताची जळमटं काढायला आलीत!

सिनेमा पुरा झाला की पहिल्या खेळाचं आमंत्रण तुम्हाला येईलच. खऱ्या गोळीबाराच्या वेळी माझे वडील पोलिसांच्या रांगेत होते आणि त्यांनी हुकूम मोडून हवेत गोळी झाडली, असं मीच फुशारकीने दिग्दर्शकाला सांगितलं होतं. तुमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका बसणार आहेत. त्यांचा भाऊ त्या दिवशी गोळी लागून गेला. "तुझ्या वडिलांचा हात एकदा हातात घ्यायचाय रे," असं त्या मला म्हणाल्या.

आता मुद्द्यावर येतो. केव्हाचा टाळतोय.

पोरं छातीवर नेम धरत होती. मी खेकसलो, "अरे, माणूस इतक्या जवळ असला की गुडघ्यावर धरायचं! ही रायफल वर मारते. मग बसेल छातीत."

दिग्दर्शक खूश. "हे कुठल्या पुस्तकात सापडलं तुला?"

"पुस्तक कसलं! लहानपणी बाबांनी शिकवलं, अंगणात, हातात काठी देऊन."

म्हणालो खरा. आणि लगेच तुमचं पुढचं वाक्यही आठवलं. "माझी पहिली गोळी डोक्यावरून गेली, मग नेम खाली धरला." तेव्हा मला तो खेळ वाटला होता.

सरावाच्या मैदानावरचं असेल, असं मनाला समजावून पाहिलं. पण तिथे निशाणं लांब असतात. लढाईवर तुम्ही कधी गेला नाहीत. जन्मभर शहरातला बंदोबस्त केलात, आणि माणसांवर रायफल रोखलीत ती एकदाच, त्या चौकात.

बाबा, मला तुमची लाज वाटते. तरी माया आटत नाही, याचा जास्त राग येतो.

येणं न येणं तुमच्यावर. पण आलात, तर त्या बाईंच्या हातात हात देण्याआधी त्यांना खरं सांगा. तुम्ही गप्प बसलात तर मी सांगेन.

आईला हे वाचून दाखवू नका. की तिला सगळं ठाऊकच आहे?

आजवर प्रत्येक पत्राखाली 'आपला आज्ञाधारक' लिहीत आलो. आज ते लिहायला हात धजत नाही.

तुमचा धाकटा