रेघा आखून केलेली सही

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. टपालाने आलेल्या मतांच्या लिफाफ्यांवरच्या सह्या आमच्या निवडणूक कचेरीत मी पडताळते. काल तुझा लिफाफा हातात आला आणि मी कपाळावर हात मारला. नोंदीतली तुझी सही म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, आणि ही दुकानाच्या पाटीसारखी! अरे, एवढी कलाकुसर सांगितली होती कुणी?

सही जुळली नाही की मत बाद. पण कोर्टाने परवाच सांगितलंय, अशांनी दहा तारखेपर्यंत येऊन पुन्हा सही करावी. सध्या रांग जिन्यापर्यंत आहे. तुझे गुडघे बघता घाई करू नकोस, नऊ तारखेला ये.

लोभ आहे तो वाढावा.
तुझी छोटी

६ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

जन्मभर पाट्या रंगवल्या, आता हात थरथरतो. म्हणून पेन्सिलीने रेघा आखून, अर्धा तास खपून सही केली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. पण हे मत जायला नको गं. दवाखाना बंद करू म्हणणारे निवडून आले, तर आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मी जाऊ कुठे? उद्याच येणार होतो, पण तू म्हणतेस तर नऊला येतो.

तब्येतीला जप.
दादा

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. कालपर्यंत आले त्यांची मतं धरायची, बाकीची बाद. सकाळी दारातच तुला हे सांगितलं, तर तू नुसतं बरं म्हणून वळलास. चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

दमले रे. काल हो, आज नाही, आणि दारातल्या माणसाला तोंड द्यायचं आम्ही. पण नऊला ये असं कोर्टाने नव्हतं सांगितलं, मी सांगितलं होतं. साहेब म्हणाले, घरचा लिफाफा दुसऱ्याला दे. मी दिला नाही. बादचा शिक्का मीच मारला.

माफ करता आलं तर कर.
छोटी

१६ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

रागावलो नाही असं लिहिलं होतं, खोडलं. रागावलोय. तुझ्यावर थोडा, त्या कोर्टांवर फार.

निकाल कळलाच असेल. आमच्या वॉर्डात ते दवाखाना बंद करणारेच तेवीस मतांनी आले. म्हणजे माझ्या एकट्याच्या मताने काही झालं नसतं, तेव्हा रडत बसू नकोस. फक्त एवढं कळव, त्या बाद लिफाफ्यांत आमच्या वॉर्डातले किती होते?

राहू दे. कळवू नकोस.

दादा