तेरा दिवसांची रजा

१४ नोव्हेंबर २०२१, रविवार

ठरलं एकदाचं! दुबई! १५ डिसेंबरला निघायचं, सहा दिवस. कमलेशची टूर — दहिवलीतलं त्याचं ऑफिस म्हणजे एक टेबल आणि विमानाचं चित्र असलेलं एक कॅलेंडर, पण माणूस चोख. २०२०च्या मार्चमध्ये त्याच्याबरोबरच थायलंडला निघालो होतो. भरलेल्या बॅगा तशाच रिकाम्या केल्या. पासपोर्ट तेव्हापासून कपाटात, बायकोच्या साड्यांखाली.

फेब्रुवारीत लग्नाला पंचवीस वर्षं होतील, त्याचं निमित्त. नम्रताला सांगितलं तर म्हणाली, "आधी विमानात बसू द्या, मग खरं!" तिचंही बरोबर आहे. इतक्या वर्षांत तिला मी कुठे कुठे नेणार होतो त्याची यादी लांबलचक आहे. नेलं फक्त महाबळेश्वरला. दोनदा.

१९ नोव्हेंबर

कमलेश म्हणतो, पासपोर्टवरचं आणि लसीच्या सर्टिफिकेटवरचं नाव एकच पाहिजे. म्हटलं, असणारच की!

२० नोव्हेंबर

नाहीये.

पासपोर्टवर ती हर्षला पांडुरंग ठोंबरे. सर्टिफिकेटवर नम्रता संतोष घारे. लसीची नोंदणी मीच केली होती, माझ्या मोबाईलवरून, घाईघाईत. नावाच्या रकान्यात बोटांनी आपोआप नम्रता लिहिलं. केंद्रावर आधारचा नंबर जुळला, नावाकडे कोणी बघितलं नाही. मीही नाही!

पण मला दुसरं नाव सुचणार तरी कसं? लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने मीच लिहिलं होतं ते. आईने सुचवलं, मी लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. शाळेचा दाखला, बँक, आधार — तिने कुठेच बदलून घेतलं नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं, आळस.

"आळस नव्हता," भांडी लावता लावता म्हणाली. "मला विचारलं होतं का कोणी?"

मग मी कारण नसताना दोनदा झाडांना पाणी घातलं.

२१ नोव्हेंबर

नाव दुरुस्त करता येतं, पण दुरुस्ती एकदाच. आणि ती एक संधी मी जुलैमध्येच वापरून बसलोय — तिचं जन्मवर्षही मीच चुकवलं होतं ना! माझं मलाच हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. ती समोरच बसली होती.

२ डिसेंबर

झालं. कोरोनाचा नवा प्रकार आला. १५ तारखेपासून सगळी विमानं पूर्वीसारखी सुरू होणार होती, ती आता होणार नाहीत. कमलेशचा मेसेज — "घाबरू नका, पुढची तारीख कळवतो." माणसाचा आशावाद थक्क करणारा आहे. दोन वर्षं तो हाच मेसेज पाठवतोय.

नम्रताने वाचला आणि भाजी चिरायला घेतली. चेहरा पडला होता. मला वाटलं नव्हतं तिला एवढं जायचंय.

१७ डिसेंबर

सर्टिफिकेट आलं! हर्षला पांडुरंग ठोंबरे!

मी "रजा काढून येतो, आपण जाऊ" म्हणत राहिलो आणि ही बाई एकटी तालुक्याला आरोग्य खात्यात तीन वेळा जाऊन बसली. अर्ज, आधार, पासपोर्टची झेरॉक्स, सगळं हिचं हिनेच केलं. फोनवर सर्टिफिकेट दाखवताना तिचं ते तोंड! मला फार म्हणजे फार कौतुक वाटलं. बोलून दाखवलं पण.

आईलाही दाखवलं. आईने चष्मा लावून नुसतीच नजर फिरवली — वाचता येत नाही, पण बघते. मग म्हणाली, "माजं पन नाव सुंदरा नव्हतं रं."

मी म्हटलं, काय?

"सोनुबाई व्हतं. तुज्या बापानं बदललं."

बावन्न वर्षांचा झालो! आजोळी मामा तिला ताय म्हणायचे, बाकी सगळे आत्या नाहीतर मावशी. आईचं नाव मला आज कळलं. चपला घालून चौकापर्यंत चालत जाऊन आलो.

१८ डिसेंबर

नम्रताला विचारलं, आता तुला हाक काय मारू?

जरा विचार केला तिने. "घरात नम्रताच म्हणा. आता त्याच हाकेला वळते मी. पण विचारलंत ते बरं केलंत."

८ जानेवारी २०२२

नवी तारीख ९ फेब्रुवारी. आणि कालच नवा नियम — परदेशातून आलं की सात दिवस घरात. म्हणजे सहा अधिक सात, तेरा दिवस. कुंभिवलीच्या आमच्या कंपनीत तेरा दिवसांची रजा मागणं म्हणजे मुकादमाकडे त्याची खुर्ची मागणं! तरी मागितली. साहेब म्हणाले, "घारे, लग्न तुमचंय की मुलीचं?" नाही म्हणाले.

घरी येऊन सांगितलं, तू जा. बाकी मंडळी ओळखीची आहेत.

"एकटी? भलतंच!"

२३ जानेवारी

आज आई मध्ये पडली. "जा गं तू. मी हाय की. त्याला काय भात टाकता येत नाय?"

"तसं नाही हो आई..."

"मग कसं? मला कोनी जा म्हटलं असतं तर मी थांबले नसते गं."

नम्रता हसली. "बघू" म्हणाली. तिच्या "बघू"चा अर्थ पंचवीस वर्षांत मला एकदाही बरोबर लागलेला नाही.

५ फेब्रुवारी, शनिवार

कमलेशने टूरच्या मंडळींना बोलावलं होतं. मी ड्यूटीवरून थेट गेलो, उशीर झाला. दाराशी चपला काढताना आतून आवाज आला — कोणीतरी वाळवंटातल्या उंटाची नक्कल करत होतं आणि सगळे खो खो हसत होते. बघतो तर ही! मी पाहिलेली नाही अशी. हात हलवून बोलत होती, कमलेशला सांगत होती — मला खिडकीची सीट हवी, आणि त्या उंच इमारतीवर मी जाणारच, कोणी येवो न येवो.

मी आत जाऊन शेजारी बसलो. कमलेशने विचारलं, जेवण व्हेज की नॉनव्हेज? हिने माझ्याकडे बघितलं. "काय हो, काय सांगू?"

खोलीचा पर्याय आला — पुन्हा माझ्याकडे. मी तर जाणारही नाही!

घरी येताना गाडीवर वाईट वाटलं मला. माझा काही गुन्हा नाही, तिचाही नाही, तरी वाटलं.

७ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. रजा मंजूर! माझ्या शिफ्टवर असतो तो रोहिदास — त्यानेच जाऊन सांगितलं म्हणे, तेरा दिवस मी दोन्हीकडचं बघतो. देवमाणूस आहे. कमलेशकडे माझी सीट अजून तशीच आहे.

कागद खिशात घालून चौकातल्या गॅरेजपाशी गाडी थांबवली. बराच वेळ उभा होतो. जावंसं वाटत होतं — खोटं कशाला लिहू? विमानात मीही कधी बसलेलो नाही. पण तो उंट काही डोळ्यांसमोरून हलेना.

घरी सांगितलं, नाही मिळाली रजा. ही नुसतं "असू दे" म्हणाली आणि पाठ फिरवली. कमलेशला फोन करून माझं नाव काढायला लावलं.

रोहिदासला उद्या सांगायला हवं, घरी कळू देऊ नको म्हणून.

९ फेब्रुवारी

सोडून आलो. उद्या-परवाच्या दोन भाज्या फ्रिजमध्ये, आईच्या गोळ्या डबीत, वार घालून. परवाची चाचणी निगेटिव्ह, आणि आता विमानतळावर आणखी एक! दारातून आत जाताना वळून हात केला. मी काचेला नाक लावून उभा. सुरक्षारक्षक म्हणाला, काका, बाजूला व्हा.

१० फेब्रुवारी

हाहाहा! नियम बदलला! १४ तारखेपासून सात दिवस घरात बसायचं बंद. ती १४लाच येतेय. म्हणजे सहा दिवसांच्या रजेत सगळं बसलं असतं! आईला सांगितलं तर म्हणाली, "तुजं नशीबच तसलं हाय रं." भात आज करपला.

१२ फेब्रुवारी

व्हिडिओ कॉल. मागे आभाळाला टेकलेल्या इमारती, हिच्या डोळ्यांवर कोणाचा तरी गॉगल. आई स्क्रीनला हात लावून बघत होती. "उन्हात फिरू नको गं," एवढंच बोलली. घर फार रिकामं वाटतंय. मला तिची आठवण येते, आणि तिने अजून दोन दिवस तिथेच मजा करावी असंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

१४ फेब्रुवारी

आली! काळवंडलीय. बोलतेय, बोलतेय, थांबतच नाही!

१५ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना म्हणाली, "तुमची रजा मंजूर झाली होती. रोहिदासभावजींनी आठ तारखेलाच सांगितलं मला."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"बोलले असते तर तुम्ही आला असतात."