डबीची मागची सीट

दि. ९ मार्च, रविवार
सकाळचे सव्वासात. गाडीच्या टपावरची कबुतरांची घाण ओल्या फडक्याने पुसून नुकताच वर आलोय.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू हसून विषय बदलतेस आणि मी अडखळतो, म्हणून पत्र. बाबांना गुडघ्याच्या व्यायामासाठी म्हणून तुझ्याकडे पंधरा दिवस नेलंत. आता दुसरा महिना लागला. परवा तू सहज बोलून गेलीस की त्यांच्यासाठी मागची खोली रंगवून घेतली. पाहुण्यासाठी कुणी खोली रंगवतं का, ताई? बाबा परत येणार आहेत की नाहीत, एवढंच मला सरळ विचारायचं आहे.

तुमचं घर तळमजल्यावर, माझं दुसऱ्या मजल्यावर, हे मला कळतं. पण बाबांना पायी चालायला लागू नये म्हणूनच तर मी ही गाडी घेतली. ज्यांचा जन्म दुसऱ्यांचे ट्रक चालवण्यात गेला, त्यांच्या दारात एक तरी गाडी असावी असं वाटलं. जुनी का होईना, लहान का होईना.

लहान गाडीचे भोग मात्र लहान नसतात. झाडाखाली लावली तर कबुतरं, उन्हात लावली तर सीटचा तवा. एसी लावला की चढ चढत नाही, आणि चढ चढायचा तर एसी बंद. बाईसाहेबांना एका वेळी एकच काम सांगायचं. डिकीत दोन पिशव्या मावतात, तिसरी मांडीवर. शेजारी बोनेटवर भाजी ठेवून गप्पा मारतात. मोठ्या गाडीवर कुणी कोथिंबिरीची काडी ठेवणार नाही! परवा दुकानातून बाहेर आलो तर दोन्ही बाजूंना दोन धूड गाड्या अशा चिकटून लावलेल्या, की दार उघडेना. शेवटी डिकी वर करून मागच्या सीटवरून रांगत स्टिअरिंगपाशी पोचलो. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी सोडून बघायला बाहेर आला होता. मागून कुठूनतरी एक खडखडही येते. चार रविवार शोधतोय, सापडत नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण दाजी त्यांची उंच गाडी घेऊन बाबांना न्यायला आले, तेव्हाचं एक दृश्य मनातून जात नाही. दाजींनी माझ्या गाडीला 'डबी' म्हटलं, त्याचं काही नाही. बाबा मात्र न सांगता पुढे, दाजींच्या शेजारी जाऊन बसले, पट्टा लावला, आणि गल्लीचं तोंड यायच्या आत त्यांच्या गप्पा सुरूसुद्धा झाल्या. माझ्या गाडीत बाबा पहिल्या दिवशी एकदाच पुढे बसले. त्यानंतर नेहमी मागे. बोलणं नाही, काही नाही. शेजारची सीट रिकामी आणि मी भाड्याच्या ड्रायव्हरसारखा पुढे एकटा.

चिमणीला पापा. लोभ आहेच, मोठ्या गाडीच्या धुळीत तो दिसेनासा होऊ नये, एवढीच विनंती.

तुझा,
बारक्या

दि. १४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी, अकलेला काठावर पास. डिकीतून रांगत आत गेलास ते वाचून चिमणी इतकी हसली की तिला उचकी लागली. आता मामा आला की तो डिकीतूनच उतरणार, अशी तिची पक्की समजूत आहे.

खोलीचं म्हणशील, तर हो, बाबांनी इथेच राहावं असं ह्यांच्या मनात आहे. बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही. विचारलं की खिडकीबाहेर बघतात आणि टायरमधली हवा तपासायला हवी म्हणतात.

रोज संध्याकाळी हे आम्हाला फेरी मारून आणतात. मी आणि चिमणी मागे, बाबा पुढे. घरात चार शब्द न बोलणारा माणूस गाडीत बसला की असा सुटतो म्हणून सांगू! ही पाटी कसली, तो पूल कधी झाला, ऑफिसात साहेबाशी पटतं का. हे तर हरखून गेलेत. ह्यांचे वडील ह्यांच्याशी कधी धड बोलले नाहीत, तुला माहीतच आहे. रात्री मला सांगत होते, की सासरे मिळाले पण फायद्यात वडील मिळाले.

एक मात्र कळत नाही. फेरीहून आले की बाबा अगदी गळून जातात, जणू स्वतःच चालवून आलेत. उजवी पोटरी दगडासारखी होते, मी तेल चोळते. डॉक्टर म्हणतो डावा गुडघा खराब आहे आणि दुखतो उजवा पाय. म्हातारपण म्हणायचं, दुसरं काय.

आणि हेव्याचं म्हणशील तर तो काही तुझ्या एकट्याच्या मालकीचा नाही. मी लहान होते तेव्हा बाबा सदा रस्त्यावर. ते कायमचे घरी आले तेव्हा मी सासरी आणि तू घरात. तू पत्रात लिहायचास, आज बाबांनी मला हे सांगितलं, ते सांगितलं. मी ती पत्रं वाचून कपाटात ठेवत असे आणि कपाटाचं दार जरा जोरातच लावत असे. आता थोडे दिवस माझे आहेत. बघ, दिले तर.

माया तेवढीच आहे. मोजून घेऊ नकोस.

तुझी,
ताई

दि. २१ मार्च, शुक्रवार
दुपारचे पावणेदोन. दुकानाच्या मागच्या खोलीत डबा उघडलाय, शेजारी चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र निवतंय.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साहेबाशी पटतं का, असं बाबा दाजींना विचारतात हे वाचून डबा तसाच मिटून ठेवला. म्हणून आजवर कुणाला न सांगितलेली एक गोष्ट सांगतो.

तुझ्याकडे यायच्या आधी मी बाबांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं. दूरचा रस्ता. त्याच आठवड्यात मालकांनी मला मागच्या खोलीतून पुढे काउंटरवर घेतलं होतं. दहावी नापास पोराला गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवून बघायचं काम देतात, ही आमच्या धंद्यात लहान गोष्ट नाही. बाबांना गाडीत निवांत सांगू म्हणून दोन दिवस पोटात ठेवली होती. शहर मागे पडल्यावर सांगायला सुरुवात केली. मालक काय म्हणाले, मी काय म्हणालो, सगळं. हुंकार येईना म्हणून आरशात पाहिलं, तर बाबा खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होते. उरलेली गोष्ट मी वायपरला सांगितली.

तेव्हा मी ठरवून टाकलंय. गाडीला गिऱ्हाईक आहे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला मुलीला शिकवायला हवी आहे. महिनाअखेरीस न्यायला येतो. मी हप्त्याने एखादी जुनी उंच गाडी बघतोय, जिच्यात चढताना गुडघा वाकणार नाही आणि शेजारी बसायची कुणाला लाज वाटणार नाही. कोणती चांगली ते दाजींना विचारून कळव. विचारताना माझं नाव सांगू नकोस. दाजींचा हेवा वाटतो असं लिहायला संकोच होतो, पण दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

राग मानू नये, लोभ उणा करू नये.

तुझा,
बारक्या

दि. २५ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

गाडी विकायची नाही. हे आधी वाच, मग पुढचं.

तुझी पत्रं ताईने मला वाचून दाखवली. ती बाजारात गेली आहे तोवर हे लिहून चिमणीबरोबर पेटीत टाकतो.

तुला मी कधी ट्रकवर नेलं नाही, म्हणून आमचा नियम तुला ठाऊक नाही. चाकावरच्या माणसाच्या शेजारी बसणाऱ्याने झोपायचं नसतं. तो पेंगला की चाकावरचाही पेंगतो. त्याने बोलत राहायचं. काहीही. पाट्या वाच, भाव विचार, बायकोची चौकशी कर. माझ्या हाताखाली कितीक क्लीनर आले आणि गेले. गाडी ज्याच्या हातात देऊन मी मागच्या फळीवर झोपलो, असा एकच निघाला. बाकीच्यांच्या शेजारी मी डोळे ताणून बसलो.

तुझ्या गाडीत पहिल्या दिवशी पुढे बसलो ते बघायला. शाळेपाशी चेंडू रस्त्यात आला, तेव्हा तू चेंडूकडे न बघता चेंडूमागून कोण येतंय ते बघितलंस. मग मी मागे गेलो. तू त्याला अपमान समजलास. बाबा रे, नोकरी सुटल्यापासून चालत्या गाडीत मला फक्त तुझ्या मागे झोप लागते. तुझी खडखडही ऐकू येत नाही.

जावईबापू माणूस सोन्यासारखा. पण एक हात चाकावर, दुसरा फोनवर, आणि पुढच्याच्या बंपरला नाक लावून चालवतात. मागे ताई असते, चिमणी असते. मी बोलत राहिलो तर फोन खिशात राहतो. गप्पा कसल्या, पहारा आहे तो. ब्रेक नसलेल्या जागी ब्रेक दाबून दाबून माझा चांगला पाय कामातून गेला. मला घरी यायचं आहे. इथे रंगाच्या वासाने डोकं उठतं. पण मी उठलो तर त्या सीटवर कोण बसणार, हे सुचत नाही. ते सुचलं की ने मला.

हे ताईला दाखवू नकोस. जावईबापूंच्या कानावर तर मुळीच जाऊ देऊ नकोस. त्यांना वाटतं मला त्यांच्याशी बोलायला आवडतं. आता थोडं आवडायलाही लागलंय. ते तू मनाला लावून घेऊ नकोस.

काउंटरचं मी ऐकलं नाही, ते खरं. परत सांग.

हॉर्न कमी वाजवत जा. बाकी बरा आहेस.

बाबा

दि. २९ मार्च, शनिवार
रात्रीचे आठ. औषधवाल्याला नाही म्हणून आत्ताच आलो. तो रागावला, आता खोकल्याचं औषध दुसरीकडून आणावं लागेल.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडी विकत नाही. दाजींना काही विचारू नकोस.

एक मागणं आहे, कारण विचारू नकोस. पत्र मिळाल्या दिवसापासून फेरीला निघाल की दाजींच्या शेजारी तू बस. बाबांना मागे चिमणीजवळ बसव. गाडीत असेपर्यंत दाजींचा फोन तुझ्या पर्समध्ये असू दे आणि तू बोलत राहा. बोलायचं काम तुला जड जाईल असं वाटत नाही. बाबा ऐकणार नाहीत, तर मी सांगितलंय म्हणून सांग.

एवढं केलंस तर लोभ दुप्पट समजेन.

तुझा,
बारक्या

दि. ४ एप्रिल

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

कारण विचारू नकोस म्हणे! ज्या पायाला रोज तेल चोळते तो उजवाच का दुखतो, एवढं मला पत्राविना कळू नये? तुझं मागणं वाचलं आणि लख्ख उजेड पडला. बाबांनी तुला काय लिहिलं ते मी विचारत नाही. पाकिटाला तिकीट चिमणीने उलटं चिकटवलं होतं, हे तेवढं मला माहीत आहे.

पुढे बसते. पहिल्या दिवशी फोन मागितला तर ह्यांनी भुवया चढवल्या. मी म्हटलं, बाबांशी एवढं बोलता, कधी बायकोशीही बोला. दुसऱ्या दिवशी माणसाने स्वतःहून फोन माझ्या मांडीवर ठेवला. काल तर घर आलं तरी आमचं बोलणं संपलं नव्हतं, म्हणून आणखी एक चक्कर मारली.

मागे बाबा दोन दिवस ताठ बसून होते. तिसऱ्या दिवशी चिमणीला गाण्याच्या भेंड्या शिकवायला लागले. झोपले मात्र नाहीत. रात्री मला म्हणाले, बारक्याला बोलाव.

तेव्हा रविवारी ये. रंगवलेली खोली चिमणी घेईल. मला वाईट वाटतंय, आणि ते तुला कळावं म्हणून लिहिलंय.

तुझी,
ताई

दि. ७ एप्रिल, सोमवार
सकाळचे साडेसहा. बाबा आत झोपलेत, मी चहा ठेवलाय.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू दिलेल्या दोन पिशव्या डिकीत, तिसरी शेजारच्या सीटवर, बाबांची काठी तिरकी. तुमची गल्ली संपून मोठा रस्ता लागायच्या आत मागे घोरणं सुरू झालं. चढावर मी एसी बंद केला, एका ट्रकने हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला, खडखड घरापर्यंत सोबतीला होती. बाबांनी डोळा उघडला नाही. पण खरं सांगू? तरीही वाईट वाटलंच. दाजींच्या वाट्याला बोलणं, माझ्या वाट्याला घोरणं. कारण कळलं तरी हेवा लगेच जात नाही.

मग जिना आला. एका हाताने बाबांनी कठडा धरला, दुसऱ्याने माझा खांदा. पहिल्या वळणावर दम घ्यायला थांबले आणि म्हणाले, हं, मालक काय म्हणाले तुला? मी सांगायला लागलो. चार पायऱ्या चढायच्या, थांबायचं, मी पुढचं सांगायचं. माझ्या टेबलावर आरसा कुणी ठेवला, पगार किती वाढला, पहिलं गिऱ्हाईक कोण, सगळं खोदून खोदून विचारलं. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा जिन्यातला ठरावीक वेळाने आपोआप विझणारा दिवा दोनदा विझून गेला होता. सबंध वेळ बाबा माझ्या शेजारी होते, आणि बोलत होते.

दाजींना नमस्कार. डबीने तुम्हा सगळ्यांची आठवण काढली आहे. कधी तुम्हीही इकडे वाट वाकडी करावी. दार उघडलं नाही तर डिकी आहेच.

तुझा,
बारक्या

ता. क. हिशेब लिहून ठेवायची सवय, म्हणून. खर्च: पेट्रोल एक टाकी, बाबांच्या मानेखाली उशी एक. देणं: दाजींची माफी, ती हप्त्याहप्त्याने फेडीन. येणं: काल जिन्यात मिळालं.