भाईदासचं ताट

२ नोव्हेंबर १९८६

आलो एकदाचा. धुळ्याहून जीपनं सोनगीर, किल्ल्याला वळसा घालून पुढं खडकाळ माळ, आणि त्या माळावर आमचं खुलं कारागृह. ना तट, ना दगडी कमान. काटेरी तार, कपाशी आणि वांग्यांचे वाफे. शिक्षा संपत आलेले खुनी इथं शेती करून सुधारतात म्हणे. त्यांच्या सुधारणेवर देखरेख करायला सरकारनं मला पुण्याहून पाठवलं आहे. समाजकार्यातली पदवी घेऊन मी आलोय कुणाकडं, तर उकिडवे बसून वांगी तोडणाऱ्या या महाभागांकडं. हवा मात्र छान आहे. कळण्याची भाकरी आणि भरीत तर मी पुन्हा मागून घेतलं.

जेलर तोताराम पाटील पानाचा तोबरा सांभाळत सांगत होते की इथून सुटलेला माणूस पुन्हा कुठल्याच तुरुंगात गेलेला नाही. कसं काय, म्हटलं तर पिंक टाकायला बाहेर गेले. आता मीच कारण शोधतो आणि नागपूरच्या परिषदेत निबंध वाचतो.

५ नोव्हेंबर

कारण सापडलं. हसावं की रडावं कळेना. दुपारच्या पंगतीत प्रत्येक खुनी आपल्या शेजारी आणखी एक ताट मांडतो. ज्याला मारलं त्याचं. आधी त्याला वाढायचं, मग आपण घास घ्यायचा. इकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं विस्तवावर घास टाकतात, आगारी म्हणतात त्याला, ते एक वेळ समजू शकतो. हे लोक मात्र ज्याचा मुडदा पाडला त्यालाच रोज जेवू घालतात. काय म्हणावं या अकलेला.

भडगावकडचा भटू म्हणून एक आहे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून यानं थोरल्या भावाच्या, भाईदासच्या, डोक्यात कुदळ घातली. आता त्याच भाईदासच्या ताटात भाकरी कुस्करून देतो. मी झापलं तर मान खाली घालून म्हणतो, "मना भाऊ भुक्या शे, साहेब." म्हणे भाऊ भुकेला आहे. तोतारामांचं म्हणणं, चाललंय ना, मग चालू द्या. असले जेलर आणि असले कैदी, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

११ नोव्हेंबर

ताटं बंद केली. निबंधात काय लिहू, भुतांना डाळ वाढून गुन्हेगारी घटवली? सगळ्यांना ओळीनं बसवून पश्चात्ताप आणि अंधश्रद्धा यांतला फरक समजावला. निम्मे जांभया देत होते.

सासऱ्याला विळ्यानं संपवलेला झुलाल इथं स्वयंपाक करतो. तो हात जोडून आला. सांगू लागला की मारलेल्या माणसांना भरल्या ताटावरून उठवू नये, जो उठवतो त्याच्याकडंच ती जेवायला येतात. मी त्याला कोठीत डाळ निवडायला पिटाळलं.

२२ नोव्हेंबर

पाहा, शास्त्र कसं लागू पडतं. कैदी खुलले आहेत. पत्ते कुटतात, एकमेकांच्या खोड्या काढतात. भटू तर वाफ्यात गाणं म्हणत होता. मला म्हणाला, "आते बठ्ठं हलकं शे." सगळं हलकं झालंय, भावाचा चेहराही आता आठवत नाही म्हणे. याला म्हणतात समुपदेशन. २६ जानेवारीच्या सुटकेसाठी मी त्याची शिफारस लिहून पाठवली.

कोठीत मात्र कुणीतरी हात मारतंय. माझं ताट हल्ली अर्धंच येतं. चोर ते चोरच राहणार.

४ डिसेंबर

भाईदासची विधवा सुंदरबाई एसटीनं भडगावहून आली होती. विहिरीतला नवऱ्याचा हिस्सा तिच्या नावावर आहे आणि घर भटूच्या घराला लागून. भटूच्या भेटीला यायची तेव्हा नवऱ्याचं ताट तिनं पाहिलं होतं, ते बंद झाल्याचं तिला कळलं. तिचं म्हणणं, भाऊ शेजारी जेवायला बसतो तोवर भटू तिच्या वाटेला जाणार नाही. भावाला विसरला की तिला जिवंत ठेवणार नाही. ताट पुन्हा सुरू करा, नाहीतर त्याला सोडू नका, असं पदर पसरून सांगत होती.

मी मानसशास्त्र समजावलं. तिच्या डोक्यावरून गेलं, साहजिकच. चहा पाजून वाटेला लावली.

१६ डिसेंबर

जेवतो, पण अंगी काही लागत नाही. पँट सुतळीनं बांधावी लागते. आज भाकरीचा तुकडा मोडून ठेवला, पाणी प्यायलो, बघतो तर तुकडा नाही. उंदीर असणार. या गचाळ जागेत दुसरं काय असायचं.

जेवताना मांडीला मांडी लागत होती. शेजारी कुणी नव्हतं.

५ जानेवारी १९८७

उंदीर नव्हे. भर दुपारी, लख्ख उजेडात, माझ्या डाळीत बोटं उमटली. माझी नव्हेत. एकाची नव्हेत. सगळ्यांना मीच उठवलं आणि सगळे माझ्याकडं आले. कैदी मात्र गुबगुबीत होत चाललेत, नालायक.

झुलाल म्हणतो, साहेब, तुम्हीच वाढा त्यांना, हात जोडा. मी? या अडाण्यांच्या देखत?

१९ जानेवारी

भीती वाटते. लिहूनच टाकतो, भीती वाटते. भटूची शिफारस परत घ्यावी का? दोन ओळींचं काम आहे. पण वर काय कळवू — मयत इसम माझी भाकरी खातो? सगळं खातं हसेल. आणि निबंध —

नाही. त्या बाईच्या बडबडीपायी नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. भटू गेला. माझ्या पाया पडला. जाताना हसत हसत तोतारामांना विचारत होता, विहिरीवर हल्ली पाळी कुणाची —

ताटाभोवती बसणारे आता दिसतातही. भाईदास आज जेवला नाही. कवटी खचलेला तोच असणार. नुसता माझ्याकडं बघत बसला.

२९ जानेवारी

दुपार. भडगावहून खबर नाही. खबर कशाला हवी.

सुंदरबाई समोर बसली आहे. लुगडं निथळतंय. केसांत शेवाळ. बाकीचे सरकून तिला जागा देताहेत, भाईदाससुद्धा —

ती माझ्या ताटात हात घालत नाही. बाकीचे त्या हरामखोरांचे. ही त्यांच्यातल्या कुणाची नाही. भटूचीही नाही. ही माझी.

वाट बघते आहे. मी वाढावं म्हणून.

झुलालला हाक मारली. कुणी येत नाही. मीच वाढलं. हात जोडले. चुकलो म्हटलं, बाई, चुकलो —

मान हलवते. आधी तुम्ही खा म्हणते.

घास घेतला. घास नाही, पाणी आहे, गार, गिळतोय तरी वर येतंय, नाकात —

ती अजून वाढ