कंपनीच्या नाकावर टिच्चून अपडेट

४ नोव्हेंबर
आज फोन खऱ्या अर्थाने माझा झाला. कंपनीने घातलेली सगळी कुलपं फोडून रूट केला. लगेच साफसफाई. होकायंत्र, कॅल्क्युलेटर, रेडिओ, सगळा कंपनीचा कचरा मुळापासून उपटला. होकायंत्र कशाला लागतं माणसाला? ऑफिस मला डोळे मिटून सापडतं.

मेहुणा म्हणाला, कशाला खाजवून खरूज काढताय? हा गृहस्थ फोनवरचं प्लास्टिकसुद्धा काढत नाही. याने मला शिकवावं!

९ नोव्हेंबर
लेकीचा फोन. दिवस भरत आलेत. व्हिडिओ कॉल करून बाळाचं तोंड सगळ्यात आधी बाबांना दाखवणार, असं स्वतःहून म्हणाली. मेहुण्याच्या देखत. फार बरं वाटलं.

बायकोचा फोन बटणांचा, म्हणजे तिचीही भिस्त माझ्याच फोनवर. तेव्हापासून एकच धोशा : बाळ येईपर्यंत त्या फोनशी खेळू नका. मी खेळतो म्हणे!

१२ नोव्हेंबर
कॉलच्या ॲपची धमकी. सिस्टिम अपडेट करा, नाहीतर या आठवड्यानंतर ॲप चालणार नाही. करू. चहा होईपर्यंत होईल.

तोच दिवस, दुपारी
फेल. यांचे सर्व्हर म्हणजे भंगार.

१३ नोव्हेंबर
पुन्हा फेल. पाव भाग होतो आणि माघारी फिरतो. घरचं नेट टुकार आहे हे उघड आहे. साहेबांच्या केबिनमध्ये नेट जोरात, म्हणून ते जेवायला गेल्यावर तिथे बसून केला. तिथेही फेल. साहेब इतक्या लवकर जेवून परत येतात हे माहीत नव्हतं. माझ्या खुर्चीत काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. टेस्टिंग, म्हणालो.

१४ नोव्हेंबर
शेवटी एरर वाचला. 'होकायंत्र सापडले नाही.' म्हणजे अपडेट आत शिरण्याआधी घरातलं सामान मोजतो! एवढा कोतेपणा!

मेहुण्याचं मत, फोन होता तसा करून टाका. माघार घ्यायचा सल्ला कुणीही देतो. नेटवरच्या ग्रुपमधल्या 'वाघोबा' नावाच्या जाणकाराकडून होकायंत्र मिळवलं, बसवलं. आता एरर : 'कॅल्क्युलेटर सापडले नाही.'

१५ नोव्हेंबर
वाघोबाने जालीम उपाय पाठवला. मोजणीच बंद करायची, अपडेट जबरदस्तीने आत घुसवायचा. बाकीच्या भित्र्यांनी ग्रुपवर 'करू नका' लिहिलंय. भित्रे ते भित्रेच.

तोच दिवस, संध्याकाळी
घुसला! शंभर टक्के! फोन रीस्टार्ट होतोय. कंपनीचा लोगो आलाय.

१६ नोव्हेंबर
लोगो अजून आहे. फोन आतून जुळवाजुळव करत असणार. मोठा अपडेट आहे. बायकोने विचारलं, फोन नीट आहे ना? चार्जिंगला आहे म्हणालो. खोटं नाही ते. वाघोबा ग्रुप सोडून गेलाय. बिझी माणूस.

१८ नोव्हेंबर
लोगो. रिपेअरच्या दुकानात जा म्हणे मेहुणा. दुकानात फोन अडाणी लोक नेतात.

१९ नोव्हेंबर
ऑफिसातून आलो तर जिन्यात शेजारीण म्हणाली, अभिनंदन आजोबा! तिला कसं कळलं?

वर मेहुणा, बायको, खालचा इस्त्रीवाला, सगळे मेहुण्याच्या फोनला चिकटलेले. नात झाली. सकाळीच. लेकीने आधी मलाच कॉल केला होता, पुन्हा पुन्हा. मग कंटाळून मामाला लावला. सगळ्यांचं बघून झालं होतं. इस्त्रीवाल्याने तर नाक कुणासारखं आहे तेही ठरवलं होतं.

माझ्यासाठी मेहुण्याने लेकीला पुन्हा कॉल लावला. ती थकलेली होती. बाबा, तुमचा फोन कुठे होता, एवढंच विचारलं. मग तिने बाळाकडे कॅमेरा फिरवला. मी हात पुढे केला. मेहुण्याने फोन दिला. बायको म्हणाली, दोन्ही हातांनी धरा आणि काहीही दाबू नका.

नाही दाबलं.